साठ हर्ट्झचा सुळका

टीवाय बीएस्सीला ‘आधुनिक भौतिकशास्त्र’ शिकवताना आपण बहुधा 1930 च्या आसपास थांबतो. प्रकाशविद्युत परिणाम, कॉम्प्टन, श्रोडिंजर, की परीक्षा. आज काय चाललंय ते पुढे पीएचडीला कळेलच, असं मुलांना सांगून टाकतो. मला हे मुळीच पटत नाही. लायगो या अमेरिकेतल्या प्रकल्पाच्या शोधकांनी, म्हणजे गुरुत्वीय लहरी (अवकाशालाच ताणत-आकसत जाणारे तरंग) टिपणाऱ्या यंत्रांनी, केलेल्या नोंदी इंटरनेटवर कुणालाही फुकट मिळतात, आणि त्या समजायला लागणारं बरंचसं भौतिकशास्त्र ही मुलं शिकून बसलेली असतात.

मी सुरुवात 14 सप्टेंबर 2015 च्या, म्हणजे पहिली गुरुत्वीय लहर टिपली गेली त्या दिवसाच्या, फाइलपासून करते. 32 सेकंदांची नोंद, सेकंदाला 4096 आकडे. पायथन या संगणकभाषेत आलेख काढला की मुलांचे चेहरे पडतात. गुरुत्वीय लहर कुठेच दिसत नाही, नुसती हेलकावे खाणारी जाड रेघ. दिसणार तरी कशी? शोधकाच्या 4 किलोमीटरच्या भुजांच्या लांबीत पडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या सुमारे चारशेव्या भागाएवढा होता.

मग कोणत्या वारंवारतेला किती गोंगाट आहे, याचा आलेख काढायचा. 60 हर्ट्झवर (सेकंदाला 60 आवर्तनं) एक उंच सुळका येतो. हा कसला, म्हटलं की कुणी ताऱ्याचं नाव घेतं, कुणी कृष्णविवराचं. उत्तर भिंतीवरच्या प्लगमध्ये आहे: अमेरिकेतली वीज 60 हर्ट्झची असते. आपल्याच घरचा गोंगाट ओळखून बाजूला काढणं, संशोधनाचा केवढा तरी वेळ यातच जातो, आणि हे मुलांनी स्वतःच्या हाताने करून बघायला हवं. गोंगाटात बुडालेला संकेत गणिती साच्यांशी ताडून हुडकण्याच्या पद्धतीवर पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेत संजीव धुरंधर आणि त्यांचे सहकारी लायगोचं बांधकाम सुरू होण्याआधीपासून काम करत होते. वर्गात हे मी आवर्जून सांगते.

सुळके कापले, 35 ते 350 हर्ट्झमधलंच ठेवलं, की हॅनफर्डच्या नोंदीत एक लहर वर येते. (लायगोचे शोधक दोन: एक हॅनफर्डला, एक लिव्हिंग्स्टनला.) लिव्हिंग्स्टनला ती सुमारे 7 मिलिसेकंद आधी पोचली होती. तेवढं सरकवून, हॅनफर्डचा आलेख उलटा करून (दोन्ही शोधकांची मांडणी वेगळ्या दिशांना आहे), एकावर एक ठेवले की दोन्ही रेघा जुळतात. त्या क्षणी वर्ग अगदी गप्प होतो.

खरी मजा त्यानंतर, कागदावर. लहर शिगेला पोचते तेव्हा तिची वारंवारता 150 हर्ट्झच्या आसपास असते. एकमेकांभोवती फिरणाऱ्या दोन गोळ्यांच्या एका फेरीत दोन लहरी निघतात, म्हणजे ही लहर पाठवणारे दोन गोळे एकमेकांभोवती सेकंदाला 75 फेऱ्या मारत होते. वारंवारता ज्या वेगाने चढत गेली त्यावरून दोघांचं मिळून वस्तुमान सुमारे 70 सूर्यांएवढं निघतं. आता फेरीचा काळ, वस्तुमान आणि अंतर यांची सांगड घालणारा केप्लरचा तिसरा नियम लावा. दोघांमधलं अंतर येतं सुमारे 350 किलोमीटर! एकट्या सूर्याचा व्यास 14 लाख किलोमीटर आहे. 70 सूर्यांचं वस्तुमान इतक्या जवळ, तरीही न आदळता फिरतंय, तर ती कृष्णविवरंच असणार. अकरावीत पाठ केलेला नियम 130 कोटी प्रकाशवर्षांवरच्या टकरीपर्यंत पोचवतो.

तसाच शोधक हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारायचा आहे. 2023 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्यासाठी 2600 कोटी रुपये मंजूर केले. गेल्या वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, “मॅडम, मग औंढ्याच्या फाइलीत सुळका 50 वर येईल ना?”

हो, 50 वरच.