पोलादासाठी हायड्रोजन: सरकारचा पैसा कारखान्याला हवा की किलोला?

रायगड जिल्ह्यात धरमतर खाडीच्या काठी डोलवीचा पोलाद कारखाना आहे. तिथे नैसर्गिक वायूवर चालणारी स्पंज आयर्नची (खनिज न वितळवता काढलेल्या सच्छिद्र लोखंडाची) भट्टी १९९० च्या दशकात उभी राहिली. या भट्टीत वायू थेट जाळत नाहीत. आधी त्याचं रूपांतर हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड यांच्या मिश्रणात करतात आणि ते तापलेलं मिश्रण खनिजाच्या गोळ्यांमधून फिरवतात. या पद्धतीच्या भट्टीत शिरणाऱ्या वायूचा निम्म्याहून अधिक भाग हायड्रोजनच असतो. हायड्रोजनने लोखंड काढणं ही उद्याची कल्पना आहे असं अनेकांना वाटतं, पण रसायनशास्त्राच्या दृष्टीने ते काम आपल्याकडे कित्येक वर्षं चालू आहे. उरलेला कार्बन मोनॉक्साइड बाजूला ठेवून सगळाच हायड्रोजन वापरायचा आणि तो नैसर्गिक वायूऐवजी पाण्यातून, स्वच्छ विजेने काढायचा, एवढीच पुढची पायरी आहे. त्या पायरीला पैसा लागतो, आणि म्हणून जगभरची सरकारं त्यात उतरली आहेत.

खनिजात लोखंड ऑक्सिजनला घट्ट बांधलेलं असतं. ऑक्सिजन काढून घेण्याच्या या क्रियेला शाळेच्या पुस्तकात क्षपण म्हणतात. ब्लास्ट फर्नेसमध्ये, म्हणजे लोखंड वितळवून काढणाऱ्या पारंपरिक झोतभट्टीत, हे काम कोक, म्हणजे भाजून कठीण केलेला कोळसा, करतो. एक टन लोखंडामागे साधारण अर्धा टन कोक आणि कोळशाची पूड खर्च होते. कार्बन ऑक्सिजन घेऊन निघून जातो, आणि पोलाद तयार होईपर्यंत टनामागे सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड हवेत मिसळतो. कोळशाच्या जागी हायड्रोजन आला की त्या टप्प्यावर धुराड्यातून वाफ निघते.

इथपर्यंत सोपं आहे. अडचणी भट्टीच्या आत सुरू होतात. कार्बन मोनॉक्साइडने होणारं क्षपण उष्णता देतं, हायड्रोजनने होणारं क्षपण उष्णता शोषून घेतं. त्यामुळे निव्वळ हायड्रोजन वापरायचा तर वायू अधिक तापवून, अधिक प्रमाणात आत सोडावा लागतो. पोलादाला थोडा कार्बन हवाच असतो, तो नंतर वेगळा द्यावा लागतो. खनिजही उंची लागतं. अशा भट्ट्यांना साधारण ६७ टक्के लोह असलेल्या गोळ्या मानवतात, कारण ब्लास्ट फर्नेस जशी मळी वितळवून वेगळी काढते तशी सोय इथे नसते. हे सगळे प्रश्न अभियंते सोडवू शकतात. स्वीडनमध्ये एसएसएबी (पोलाद), एलकेएबी (लोहखनिज) आणि वॅटनफॉल (वीज) या कंपन्यांनी २०१६ साली हायब्रिट प्रकल्प हाती घेतला. लुलेओ इथली त्यांची प्रायोगिक भट्टी २०२० मध्ये सुरू झाली आणि २०२१ मध्ये हायड्रोजनवर बनवलेलं पहिलं पोलाद व्होल्वोला पोचलं. स्वीडिश ऊर्जा संस्थेचं अनुदान या कामाच्या पाठीशी होतं. म्हणजे ‘जमेल का?’ हा प्रश्न मागे पडला आहे.

‘परवडेल का?’ हा प्रश्न मात्र उभा आहे. त्याचा हिशेब कागदावर सहज मांडता येतो.

एक टन लोखंडासाठी रासायनिक समीकरणाप्रमाणे किमान ५४ किलो हायड्रोजन लागतो. पाण्यातून एक किलो हायड्रोजन काढायला आजच्या इलेक्ट्रोलायझरना, म्हणजे विजेने पाण्याचं विघटन करणाऱ्या यंत्रांना, ५० ते ५५ युनिट वीज लागते. गुणाकार केला की टनामागे जवळपास २,८०० युनिट होतात. महिन्याला १०० युनिट वापरणाऱ्या घराला ही वीज सव्वादोन वर्षांहून जास्त पुरेल. विजेचा दर पाच रुपये धरला तर एका किलो हायड्रोजनमध्ये नुसती वीजच सुमारे २६० रुपयांची, आणि एका टन लोखंडात १४,००० रुपयांची. इलेक्ट्रोलायझरची किंमत, पाणी, साठवण, व्याज हे सगळं त्याच्या वर. यंत्र एकदाच विकत घ्यायचं असतं, वीज मात्र रोज लागते. सरकारी मदतीचा विचार करताना मला हा फरक सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

जर्मनीने तो ओळखला होता. ड्युसबर्ग इथल्या थिसेनक्रुप कंपनीच्या पोलाद कारखान्यासाठी दोन अब्ज युरोंच्या मदतीला युरोपियन कमिशनने जुलै २०२३ मध्ये मान्यता दिली. त्यातले ५५ कोटी युरो वर्षाला २५ लाख टन क्षमतेची नवी भट्टी उभारायला होते. उरलेले १४५ कोटी युरोपर्यंतचे पैसे हायड्रोजन महाग पडेल त्याची भरपाई करण्यासाठी राखले होते, तेही पहिल्या दहा वर्षांत जसजसा वापर होईल तसतसे. म्हणजे मोठा वाटा भट्टीच्या विटांना नसून तिच्या रोजच्या खुराकाला होता. तरीही २०२५ च्या मार्चमध्ये कंपनीने हायड्रोजन खरेदीची निविदा थांबवली, कारण आलेले भाव अपेक्षेहून फार चढे होते. त्याच वर्षी जूनमध्ये आर्सेलर मित्तल या दुसऱ्या पोलाद कंपनीने ब्रेमेन आणि आयझेनह्युटेनश्टाट इथले आपले बेत सोडून दिले. त्यांना १.३ अब्ज युरोंचं सरकारी अनुदान मंजूर होतं. हाताशी आलेली एवढी रक्कम कंपनी सोडते, तेव्हा भट्टी बांधण्याच्या खर्चापेक्षा ती चालवण्याचा खर्च तिला जास्त भिववतो आहे, हे उघड दिसतं.

स्वीडनच्या उत्तर भागात गणित वेगळं आहे. तिथे नद्यांवरच्या जलविद्युत केंद्रांची स्वस्त वीज चोवीस तास मिळते. सरकारी पैसा कमी असो की जास्त, निसर्गाने दिलेली ही सवलत जर्मनीला कोणत्याही तरतुदीतून विकत घेता येत नाही.

आता आपल्याकडे वळू. राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनला केंद्रीय मंत्रिमंडळाने ४ जानेवारी २०२३ रोजी मंजुरी दिली. एकूण तरतूद १९,७४४ कोटी रुपये आणि २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हरित, म्हणजे स्वच्छ विजेने काढलेला, हायड्रोजन बनवण्याचं लक्ष्य. ड्युसबर्गच्या एकट्या कारखान्याला मंजूर झालेली मदत त्या वेळच्या दराने रुपयांत मोजली तर १८,००० कोटींच्या घरात जाते. आपलं अख्खं मिशन त्याहून किंचित मोठं आहे. म्हणून आपला रुपया कुठे पडतो याची काळजी आपण अधिक घ्यायला हवी.

मिशनमधले १३,०५० कोटी हायड्रोजन बनवणाऱ्यांना किलोमागे प्रोत्साहन देण्यासाठी आहेत. पहिल्या वर्षी किलोला कमाल ५० रुपये, दुसऱ्या वर्षी ४०, तिसऱ्या वर्षी ३०. किलोमागे पैसे देण्याची ही दिशा मला योग्य वाटते, कारण प्रत्यक्ष उत्पादन झाल्याशिवाय सरकारचा पैसा बाहेर पडत नाही. पण २६० रुपयांच्या विजेसमोर ५० रुपये अपुरे आहेत, आणि तीन वर्षांत संपणाऱ्या प्रोत्साहनावर वीस-पंचवीस वर्षं चालायची भट्टी कोणी बांधणार नाही. माझ्या मते हरित हायड्रोजन प्रकल्पांना दिलेली आंतरराज्य पारेषण शुल्काची (एका राज्यातून दुसऱ्या राज्यात वीज वाहून नेण्याच्या आकाराची) २५ वर्षांची माफी ही जास्त मोलाची मदत आहे. ती थेट विजेच्या दरावर काम करते. राजस्थानातली दुपारची सौर वीज आणि गुजरातच्या किनाऱ्यावरचा रात्रीचा वारा एकाच इलेक्ट्रोलायझरपर्यंत स्वस्तात आणता आला, तर यंत्र दिवसातले जास्त तास चालतं. केवळ सौर विजेवर ते वर्षातल्या एकूण तासांपैकी जेमतेम पाव हिस्सा पूर्ण क्षमतेने चालेल. महाराष्ट्रानेही जुलै २०२३ मध्ये स्वतःचं हरित हायड्रोजन धोरण आणलं, त्यासाठी ८,५६२ कोटींची तरतूद ठरवली.

पोलादासाठी मिशनमध्ये ४५५ कोटी वेगळे काढले आहेत, आणि ते फक्त प्रायोगिक प्रकल्पांसाठी आहेत. त्यातून उभट आकाराच्या भट्टीत १०० टक्के हायड्रोजनवर स्पंज आयर्न बनवण्याचे दोन आणि चालू ब्लास्ट फर्नेसमध्ये हायड्रोजन सोडून कोक वाचवण्याचा एक, असे तीन प्रकल्प मंजूर झाले. त्याआधी एप्रिल २०२३ मध्ये टाटा स्टीलने जमशेदपूरच्या ‘ई’ ब्लास्ट फर्नेसमध्ये हायड्रोजन सोडून पाहिला होता. त्या मार्गाने कोकमध्ये दहा टक्क्यांच्या आसपास बचत होऊ शकते, असा कंपनीचा अंदाज होता. यापलीकडे ब्लास्ट फर्नेसकडून फार अपेक्षा ठेवता येत नाही. आतल्या खनिजाचा भार तोलून धरायला आणि वायूला वाट द्यायला कोकचे कठीण तुकडे लागतातच.

खताच्या बाबतीत मात्र सरकारने वेगळी खेळी केली, आणि ती मला फार आश्वासक वाटते. युरिया आणि मिश्र खतांच्या मुळाशी अमोनिया असतो, अमोनियात हायड्रोजन. सोलर एनर्जी कॉर्पोरेशन या केंद्र सरकारच्या कंपनीने १३ खत कारखान्यांची मागणी एकत्र केली, वर्षाला ७ लाख २४ हजार टन हरित अमोनिया. दहा वर्षांच्या खरेदीची हमी दिली आणि २०२५ मध्ये लिलाव लावला. पहिल्याच लिलावात भाव किलोला ५५ रुपये ७५ पैसे आला, पुढे तो ५० रुपयांच्याही खाली उतरला. इथे अनुदानाच्या आकड्याइतकंच, किंबहुना त्याहून जास्त काम गिऱ्हाइकाच्या हमीने केलं. दहा वर्षं माल उचलला जाणार हे ठरलेलं असलं की बँक कमी व्याजाने कर्ज देते, आणि इलेक्ट्रोलायझरसारख्या भांडवली यंत्रात व्याज उतरलं की हायड्रोजनचा भावही उतरतो.

पोलादात हेच करता येईल. जर्मनीने २०२४ मध्ये १५ प्रकल्पांशी १५ वर्षांचे हवामान करार केले. स्वच्छ उत्पादनाला जुन्यापेक्षा जितका खर्च जास्त येईल तितका फरक सरकार भरून देतं, आणि पुढे स्वच्छ उत्पादनच स्वस्त पडू लागलं तर कंपनी सरकारला पैसे परत करते. आपल्याकडे या कराराला सरकारी खरेदीची जोड देता येईल, कारण रूळ, पूल, जलवाहिन्या यांसाठी पोलाद घेणारं सर्वांत मोठं गिऱ्हाईक सरकारच आहे. हरित पोलाद कशाला म्हणायचं हे पोलाद मंत्रालयाने डिसेंबर २०२४ मध्ये ठरवलंही आहे: टनामागे २.२ टनांपेक्षा कमी उत्सर्जन, आणि १.६ टनांच्या खाली गेलं तर पाच तारे. पाच ताऱ्यांच्या पोलादाचा पहिला मोठा लिलाव रेल्वेच्या रुळांसाठी निघावा. त्यात किती टन, कोणत्या दराने आणि किती वर्षं उचलणार हे आधीच लिहिलेलं असावं, आणि ती मुदत दहा वर्षांहून कमी नसावी.