माइकवरची लोकरीची टोपी : वारा अडवण्याच्या खटपटीची पार्श्वभूमी

पोळ्याच्या दिवशी दुपार कलली की गावच्या आखरावर तोरणाखाली सजवलेल्या बैलजोड्या येऊन उभ्या राहतात आणि झडत्या, म्हणजे पोळ्याला म्हणायची पारंपरिक लोककवने, सुरू होतात. पिठोरी अमावास्येच्या सुमाराचे ते दिवस असतात. पावसाने उघडीप दिली असली तरी मोकळ्या आखरावर वारा हमखास असतो. काही वर्षांपूर्वी आमच्या गावातील एका वृद्ध शेतकऱ्याच्या झडत्या मी मोबाइलला जोडलेल्या कॉलर माइकवर टिपून घेतल्या. घरी येऊन ऐकले, तेव्हा ‘एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव’ ही सर्वांनी मिळून दिलेली आरोळी तेवढी ओळखू येत होती. तिच्याआधीच्या ज्या ओळी त्यांनी एकट्याने म्हटल्या आणि ज्यांच्यासाठी मी तेथे गेलो होतो, त्या वाऱ्याच्या भकभकीखाली पार बुडाल्या होत्या. पुढच्या पोळ्याला ते गृहस्थ नव्हते. माइकवर घालायची लोकरीची टोपी घरी करून पाहण्याच्या माझ्या खटपटीची सुरुवात ही अशी झाली, आणि त्या निमित्ताने या साध्या दिसणाऱ्या वस्तूचा मागचा इतिहास शोधला, तो येथे मांडतो आहे.

प्रथम वारा नेमका काय बिघडवतो ते पाहावे लागेल. ध्वनी म्हणजे हवेच्या दाबातील अतिशय सूक्ष्म चढउतार, आणि माइकमधील पातळ पडदा त्या चढउतारांवर हलतो. वाहती हवा माइकसारख्या अडथळ्यावर आदळली की तेथे लहानमोठे भोवरे उठतात. त्यांचा दाब बोलणाऱ्याच्या आवाजाच्या दाबापेक्षा कितीतरी मोठा असतो, आणि हा दाब आवाजाचा की वाऱ्याचा हे पडद्याला कळण्याचा प्रश्नच नसतो. शिवाय वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो, त्यामुळे झुळूक सहन करणारा माइक वावटळीपुढे एकदम हात टेकतो. ही भकभक मुख्यतः खालच्या पट्टीत असल्यामुळे ती नंतर संगणकावर काही प्रमाणात गाळता येते. परंतु माइकची किंवा यंत्राची मर्यादा एकदा ओलांडली गेली की त्या क्षणीचा शब्दच छाटला जातो, आणि जो टिपलाच गेला नाही तो कोणत्याही गाळणीने परत मिळत नाही. म्हणून वारा माइकपर्यंत पोहोचण्याआधीच थोपवावा लागतो. त्यासाठी माइकभोवती स्थिर हवेचा एक कप्पा हवा, आणि त्या कप्प्याची बाहेरची भिंत अशी हवी की तिच्यातून ध्वनी आत येईल पण वारा तिच्या अंगातच मंदावेल. कप्पा जितका मोठा, तितके भोवरे पडद्यापासून दूर राहतात.

आरंभीच्या काळात ही अडचण फारशी जाणवली नाही, कारण ध्वनिमुद्रण चार भिंतींच्या आत होत असे. ‘मायक्रोफोन’ हा शब्द डेव्हिड ह्यूज यांनी 1878 मध्ये आपल्या कार्बनच्या उपकरणासाठी रूढ केला. पक्ष्याच्या आवाजाचे ज्ञात असलेले सर्वांत जुने ध्वनिमुद्रण 1889 मधले आहे. जर्मनीत लुडविग कॉख नावाच्या लहान मुलाने वडिलांनी दिलेल्या फोनोग्राफवर आपल्या पाळीव श्यामा पक्ष्याचे गाणे मेणाच्या नळीवर उतरवले. ही श्यामा मूळची आपल्याकडची, पूर्व विदर्भातील बांबूच्या जंगलांतही आढळणारी. पण तेथे ती पाळीव होती, आणि वाऱ्याचा संबंधच आला नाही. पुढे बेल कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करणारे वेन्टे यांनी 1916 मध्ये कंडेन्सर माइक, म्हणजे विद्युतभारित पडद्याच्या हालचालीवर चालणारा माइक, तयार केला आणि माइकची संवेदनशीलता वाढली. जो माइक हलका श्वासही टिपतो, तो वाराही तितक्याच तत्परतेने टिपतो. 1929 मध्ये अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी रानातल्या मोकळ्या पक्ष्यांचे आवाज टिपण्यास सुरुवात केली. माइक असा घराबाहेर पडला, तेव्हा वाऱ्याची गाठ कायमचीच पडली.

तारेच्या सांगाड्यावर रेशमी कापड ताणून बसवणे हा या अडचणीवरचा एक जुना उपाय. त्यामागचा विचार अगदी योग्य होता : कापड माइकला चिकटलेले नाही, मध्ये हवा आहे. त्यानंतर स्पंज आला. ओटो बायर यांनी 1937 मध्ये पॉलियुरेथेनचा शोध लावला आणि त्यापासून बनलेला सच्छिद्र फोम पुढे माइकच्या टोप्यांसाठी सर्वत्र वापरला जाऊ लागला. तो स्वस्त आणि हलका आहे, ‘प’ आणि ‘भ’ म्हणताना बसणारा फुंकरीचा धक्का तो चांगला झेलतो, पण उघड्यावरच्या जोराच्या वाऱ्यापुढे त्याचे फारसे चालत नाही. आणि आमच्याकडच्या उन्हाळ्यात दोन-चार वर्षे काढली की तो चिकट होऊन भुगा होऊ लागतो. 1962 मध्ये सेसलर आणि वेस्ट यांनी इलेक्ट्रेट माइक, म्हणजे विद्युतभार कायमचा धरून ठेवणाऱ्या पडद्याचा माइक, विकसित केला आणि माइक हरभऱ्याएवढे लहान व कमालीचे स्वस्त झाले. 1969 मध्ये इंग्लंडमध्ये रायकोट ही केवळ वारारोधक आवरणे बनवणारी कंपनी स्थापन झाली. आत जाळीदार टोपली आणि वर लांब केसांचे कृत्रिम फर ही जोडी आज बाह्य चित्रीकरणात सर्वत्र दिसते. परदेशी ध्वनिमुद्रक त्या केसाळ आवरणाला ‘मेलेले मांजर’ म्हणतात. केसागणिक वाऱ्याचा वेग थोडाथोडा कमी होत जातो, एकदम भिंत आडवी येत नाही. फरचे सारे यश यातच आहे. ही कंपनी ज्या स्ट्राउड भागात वाढली तो भाग एके काळी लोकरीच्या कापडासाठी प्रसिद्ध होता, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते, कारण हौशी ध्वनिमुद्रकांनी घरी प्रयोग करताना फरऐवजी पुन्हा लोकरच हाती घेतली.

आपल्याकडे मात्र माइकवर बांधला गेला तो रुमाल. नागपूरचे आकाशवाणी केंद्र 1948 मध्ये सुरू झाले, गावोगावी लाउडस्पीकर पोहोचले, खंजिरी भजनांच्या मंडळांपुढे माइक उभे राहिले, आणि जाळीवर रुमाल गुंडाळून दोऱ्याने आवळण्याची रीत पडली, ती आजही दिसते. त्याने थुंकी आणि फुंकर थोडी अडते. वारा अडत नाही, कारण कापड जाळीला चिकटलेले असते आणि स्थिर हवेला जागाच उरत नाही. मीही आधी घरचाच कापूस वापरून पाहिला. कापसाच्या मुलखात दुसरे काय सुचणार? पिंजलेल्या कापसाचा गोळा पहिल्या दिवशी बरे काम करतो, पण नंतर तो दबतो, दमट हवेत ओल धरतो आणि माइकवर बोळ्यासारखा बसतो. कापसाच्या धाग्यावर खवले नसतात, त्यामुळे तो आपापसांत गुंतून स्वतःचा आकार धरू शकत नाही.

लोकरीचे तसे नाही. तिच्या प्रत्येक केसावर टोकाच्या दिशेने कललेले सूक्ष्म खवले असतात. गवताचे कुसळ धोतरात शिरले की ते एकाच दिशेने पुढे सरकत जाते, मागे येत नाही, हा अनुभव रानात फिरणाऱ्या प्रत्येकाला आहे. ऊन साबणपाण्यात लोकर चोळली की तिचे केस नेमके असेच एकाच दिशेने सरकत एकमेकांत अडकतात आणि न विणता घट्ट पण हवेशीर थर तयार होतो. हाच नमदा. काश्मीर आणि राजस्थानातील टोंक येथील नमदे प्रसिद्ध आहेत, आणि पश्चिम महाराष्ट्रात जेन हे अंथरूणही न विणता असेच दाबून करतात. विदर्भातील धनगर आणि गडचिरोली-चंद्रपूरकडील कुरमार या मेंढपाळ समाजाची परंपरा मात्र घोंगडीची, म्हणजे मागावर विणण्याची आहे. घोंगडीला चिंचोक्याची खळ देतात. त्या खळीने छिद्रे बुजतात, म्हणून नव्या घोंगडीचा तुकडा माइकवर घातला तर वाऱ्याबरोबर आवाजही बोथट होतो. धुऊन धुऊन खळ निघून गेलेल्या जुन्या घोंगडीच्या तुकड्याने माझे काम त्याहून पुष्कळ चांगले झाले.

दख्खनी मेंढीची लोकर जाडी, भरड आणि राठ केसांनी मिसळलेली असल्यामुळे मेरिनो या मऊ लोकरीच्या मेंढीच्या लोकरीसारखी चटकन जमत नाही. तिला भावही फार कमी मिळतो. परंतु कोकराच्या पहिल्या कातरणीची लोकर, जिला जावळ म्हणतात, मऊ आणि बारीक असते. टोपीसाठी तीच मागून घ्यावी असे माझे स्पष्ट मत झाले आहे. ती रिठ्याच्या कोमट पाण्यात धुऊन, वाळवून, बोटांनी पिंजून घ्यावी. रबरी चेंडूवर तिचे पातळ थर एकावर एक उभे-आडवे द्यावेत, सगळे जुन्या पायमोज्यात घालून सोसेल तितक्या गरम साबणपाण्यात आधी हळुवार आणि मग जोराने तळहातांमध्ये वळावे. अर्ध्या-पाऊण तासात हाताखाली फरक कळतो : सैल, निसटता गोळा चेंडूवर आवळत जातो आणि चिमटीत धरून उचलला तर थर सुटत नाही. येथेच थांबावे लागते. आणखी वळत राहिले तर नमदा इतका घट्ट होतो की तो वरच्या पट्टीचे स्वर गिळू लागतो. चीर देऊन चेंडू काढावा, दांडी कापलेल्या दोन प्लास्टिकच्या चहागाळण्या तोंडाला तोंड जोडून आत बसवाव्यात आणि त्या पोकळीच्या मधोमध माइक रबराने टांगावा. रेशमी कापडाच्या त्या जुन्या सांगाड्याचे तत्त्व ते हेच.

पारख करण्यासाठी टोपी तोंडाला लावून तिच्यातून श्वास घ्यावा. दम लागल्यासारखे वाटले तर ती फार दाट झाली. मग बैलाची घुंगुरमाळ टोपीसह आणि टोपीशिवाय अशी दोनदा वाजवून टिपावी. घुंगरांचा स्वर वरच्या पट्टीतला असल्याने लोकर किती आवाज खाते ते लगेच उघड होते. माझी पहिली टोपी या परीक्षेत नापास झाली. दुसरीत थर कमी केले आणि बाहेरून तारेच्या ब्रशने हलकेच लव उठवली, तेव्हा घुंगरांची धार टिकली आणि कापणीआधीच्या तुरीच्या वावरात, पाने सळसळत असताना, दोन हातांवरून बोललेला शब्द स्वच्छ उतरला.

पोळा पावसाळ्यात येतो, याचा मात्र विचार ठेवावा लागतो. लोकर पहिल्या शिंतोड्यांना दाद देत नाही, पण एकदा भिजली की जड होते आणि आवाज दबतो, म्हणून मी आता दोन टोप्या बरोबर नेतो आणि भिजलेली सावलीत वाळवतो. वर्षभर त्या घोंगडीबरोबरच, कडुनिंबाचा वाळला पाला घालून, पत्र्याच्या पेटीत ठेवलेल्या असतात, कारण कसर, म्हणजे लोकर खाणारी कीड, घोंगडीला लागते तशीच यांनाही लागते.