हळू जाण्यासाठी बांधलेली गाडी: घरगुती रॉक क्रॉलरची पार्श्वभूमी

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या लेथवर एरवी पंपाचे शाफ्ट, बुश, गुऱ्हाळाच्या चरकाचे सुटे भाग असली कामं चढतात. अधूनमधून कुणीतरी ॲल्युमिनियमच्या वीतभरही नसलेल्या आठ सळया घेऊन येतो आणि दोन्ही तोंडांना एम-४ चे आटे पाडून मागतो. टर्नरला वाटतं, कसल्या तरी मशिनचा जॉब असेल. असतो तो रिमोटवर चालणाऱ्या जीपचा. या सळया म्हणजे 'लिंक', म्हणजे धुरा आणि चासी यांना जोडणारे हात. मागच्या धुऱ्याला चार, पुढच्या धुऱ्याला चार.

रॉक क्रॉलर, म्हणजे दगडांवरून सावकाश चढणारी गाडी, ही रिमोटच्या गाड्यांमधली उलट्या दिशेने वाढलेली शाखा आहे. बाकी सगळ्या गाड्या वेगासाठी जन्मल्या, ही हळू जाण्यासाठी. आणि कारखान्याने ती बनवून विकण्याच्या कितीतरी आधी लोकांनी ती घरी, गॅरेजात, मिळेल त्या सामानातून बांधली होती. आज घरी क्रॉलर बांधताना जे जे भाग निवडावे लागतात, त्यातल्या बहुतेकांचं कारण या इतिहासातच सापडतं.

तारेविना यंत्र चालवण्याचं पहिलं गाजलेलं प्रात्यक्षिक निकोला टेस्ला यांनी १८९८ साली न्यूयॉर्कमध्ये एका छोट्या बोटीवर केलं. खेळण्यातली मोटार यायला मात्र बराच काळ जावा लागला. जपानच्या तामिया कंपनीची पहिली रिमोट मोटार १९७६ ची, पोर्शे ९३४, एकास बारा मापाची. त्या काळात वेग कमी-जास्त करायला यांत्रिक कंट्रोलर असे: एक सर्व्हो (रिमोटच्या इशाऱ्यावर हात फिरवणारी छोटी मोटर) धातूची पट्टी तीन-चार संपर्कांवर सरकवायचा आणि उरलेली वीज रेझिस्टरमध्ये उष्णता होऊन जायची. म्हणजे गाडी एकतर उभी, नाहीतर धक्क्याने सुटलेली. दगडावर इंच-इंच सरकणं अशा कंट्रोलरवर अवघडच. क्रॉलर ऐंशीच्या दशकात पूर्ण रूपाला का आला नाही, याचं अर्धं उत्तर इथे आहे.

उरलेलं अर्धं सस्पेन्शनमध्ये. १९८१ मध्ये तामियाने टोयोटाचा चार-चाकी-चालनाचा पिकअप काढला. धातूची शिडीसारखी चासी, पाट्यांच्या स्प्रिंगा, आणि रिमोटवरून बदलता येणारे तीन गिअर. दिसायला आजच्या क्रॉलरचा थोरला भाऊच. पण पाटे इतके ताठ की एक चाक दगडावर चढलं की दुसरं हवेत. खरी कलाटणी दिली ती तामियाच्याच १९८७ च्या क्लॉड बस्टरने. हा मुळात मोठ्या चाकांचा, उड्या मारणारा मॉन्स्टर ट्रक. त्याची खासियत अशी की दोन मोटरी, आणि प्रत्येक मोटर थेट आपल्या धुऱ्यावर बसवलेली. मधला गिअरबॉक्स नाही, तिथून धुऱ्यापर्यंत जाणारा प्रोपेलर शाफ्ट नाही. अमेरिकेतल्या हौशी लोकांनी त्याचे दोन धुरे काढून घेतले, मूळ चासी बाजूला टाकली, ॲल्युमिनियमच्या पट्ट्या कापून नवी चासी केली आणि लांब लिंक लावल्या. डिफरन्शियल (एका धुऱ्याच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) जाम केलं, चाकांत वजन भरलं. झाला क्रॉलर.

त्यांच्या डोळ्यांसमोर खऱ्या जीप होत्या. कॅलिफोर्नियातल्या रुबिकॉन वाटेवर १९५३ पासून जीपवाल्यांची जत्राच भरते, आणि दगडांवरून गाडी काढण्याचे सगळे धडे तिथे आधीच गिरवून झाले होते. आपल्याकडे महिंद्राने १९४७ मध्ये विलीज जीप जोडायला सुरुवात केली. मापातल्या गाडीला जीपची बॉडी चढवायची हौस इथे का जास्त, ते वेगळं सांगायला नको.

पुढे अमेरिकेत या खेळाचे नियम झाले. दगडांत फाटकं लावायची, त्यातून गाडी काढायची. मागे घेतली की दंड, फाटकाला शिवली की जास्त दंड, सगळ्यात कमी गुण तो जिंकला. रिमच्या व्यासावरून १.९ इंची आणि २.२ इंची असे वर्ग ठरले, आणि टायर घेताना आजही हीच भाषा वापरतात. २००७ मध्ये ॲक्सियल कंपनीचा एएक्स१० बाजारात आला. जाम धुरे, चार लिंक, मधोमध गिअरबॉक्स: गॅरेजातल्या लोकांनी वीस वर्षांत शोधलेलं सगळं एका खोक्यात. दहा वर्षांनी, २०१७ मध्ये, ट्रॅक्ससच्या टीआरएक्स-४ ने पोर्टल धुरे आणले. म्हणजे चाकाजवळ आणखी एक गिअरजोडी, त्यामुळे धुऱ्याचा गोळा चाकाच्या मध्यापेक्षा वर राहतो आणि दगडाला अडत नाही. ही युक्ती जर्मन उनिमॉग ट्रकने १९४० च्या दशकातच वापरली होती.

भारतात हा छंद घरगुती राहिला त्याला सरकारी कारणंही आहेत. एक सोयीचं: २००५ मध्ये २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त झाला, आणि आजचे बहुतेक सगळे रिमोट त्याच पट्ट्यावर चालतात. एक गैरसोयीचं: फेब्रुवारी २०२० मध्ये खेळण्यांवरचं आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० वर गेलं, २०२३ मध्ये ७० वर. २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसचं प्रमाणपत्रही सक्तीचं झालं. त्यात लिथियम बॅटरी विमानाने पाठवण्यावर कडक नियम. त्यामुळे पूर्ण गाडी मागवण्यापेक्षा मोटर, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर), गिअर एवढंच विकत घ्यायचं आणि बाकीचं इथे बनवायचं, हा हिशेब सरळ पडतो.

कोल्हापुरात हा हिशेब नवा नाही. बाबूराव पेंटरांनी विष्णुपंत दामल्यांच्या साथीने १९१८ च्या सुमारास सिनेमाचा कॅमेरा इथेच घडवला, आणि १९२० चा 'सैरंध्री' त्यातूनच उभा राहिला. मग उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, इथल्या फाउंड्र्या. लेथ, मिलिंग, लेझर कटिंग, पितळ ओतणारे, सगळे एका रिक्षाच्या अंतरात. त्या बाबतीत आपण जगात भारी.

आता प्रत्यक्ष बांधणी. एकास दहा मापात व्हीलबेस (पुढच्या-मागच्या धुऱ्यांमधलं अंतर) ३१३ मिलिमीटर हे रुळलेलं माप. ३२४ चाही चालतो. बॉडी कुठली चढवायची ते आधी ठरवून मगच चासी कापा. चासीच्या पट्ट्या २ मिलिमीटर लोखंडी किंवा ३ मिलिमीटर ॲल्युमिनियमच्या, लेझरवर कापलेल्या. भोकं ड्रिलने हाताने पाडली तर अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे होतो, मग दोन्ही बाजूंचे शॉक ॲब्सॉर्बर वेगवेगळ्या उंचीवर बसतात आणि गाडी कायम एका अंगाला कललेली दिसते. दोष मग स्प्रिंगला दिला जातो.

लिंकसाठी ६ मिलिमीटरची सळई घेऊन ३.३ चं ड्रिल आणि एम-४ चा टॅप मारला तर भिंत जेमतेम एक मिलिमीटर उरते, आणि पहिल्या आपटीला नेमकी आटे संपतात तिथे तडकते. ८ मिलिमीटरची सळई घ्या, किंवा ६ च्या नळीतून एम-४ चा पूर्ण लांबीचा स्टड आरपार काढा. खालच्या लिंक लांब आणि जवळजवळ समांतर, वरच्या त्रिकोणात आत वळलेल्या. वरच्याही समांतर ठेवल्या तर धुऱ्याला आडवं सरकण्यापासून कुणी अडवत नाही.

क्लॉडच्या बांधणीत न दिसणारी एक खोड मधल्या गिअरबॉक्समुळे आली. प्रोपेलर शाफ्ट फिरताना चासी उलट्या बाजूला पिळवटते आणि चढावर एक पुढचं चाक उचलतं. दोष लिंकचा नसतो. एका बाजूला किंचित कडक स्प्रिंग लावली की बरंचसं आवरतं. शाफ्टचे दोन्ही टोकांचे युनिव्हर्सल जॉइंट एका रेषेत बसवा; नव्वद अंश फिरवून बसवले तर संथ गाडीही थरथरते.

गिअरचा हिशेब कागदावर करून मगच पैसे द्या. धुऱ्यातलं प्रमाण ३.७५, गिअरबॉक्सचं २.६, मोटरवरचं पिनियन १४ दात्यांचं आणि त्याने फिरणारं मोठं स्पर ५६ दात्यांचं म्हणजे ४. गुणाकार ३९. मोटर मिनिटाला १२,००० फेरे देत असेल तर चाक ३०० च्या आसपास. ११५ मिलिमीटरच्या टायरचा परीघ ३६ सेंटिमीटर, म्हणजे गाडी तासाला साडेसहा किलोमीटर, झपाझप चालणाऱ्या माणसाइतकी. एवढं पुरे. ५४० मापाची ५५ टर्नची (आत तारेचे ५५ वेढे असलेली) ब्रश मोटर तीन सेलच्या लिथियम बॅटरीवर साधारण इथेच बसते. ३५ टर्न घेतली तर वेग वाढतो आणि मोटर तापते. दगडावर अडकून राहिली की तापणं झपाट्याने होतं.

पिनियन इथेच कापून घ्यायचं असेल तर एक अडचण येते. आपल्याकडे गिअरचे दाते मॉड्यूलमध्ये (मिलिमीटरच्या मापात) कापतात, छंदाचे गिअर डायमेट्रल पिचमध्ये (इंचाच्या मापात) येतात. ३२ पिच म्हणजे जवळपास ०.८ मॉड्यूल, जमून जातं. ४८ पिच म्हणजे ०.५३; त्याला ०.५ मॉड्यूलचं पिनियन लावलं तर आवाज करत दाते खातं. मोटरच्या शाफ्टचं माप ३.१७ मिलिमीटर आहे, ३ नाही. टर्नरला हे व्हर्नियर लावून दाखवा, नाहीतर तो ३.२ करून मोकळा होतो आणि पिनियन डगमगतं.

डिफरन्शियल जाम करण्याचं कारण सोपं: उघडं डिफरन्शियल हवेतल्या चाकालाच फिरवत बसतं आणि दगडाला टेकलेलं चाक उभं राहतं. जुने लोक त्यात एपॉक्सी भरायचे. एपॉक्सी तडकली की तिचा भुगा गिअरमध्ये जातो, म्हणून लेथवर केलेला लोखंडी स्पूल (दोन्ही चाकांना एकत्र जखडणारा अखंड तुकडा) बरा. जाम धुऱ्याची किंमत स्टिअरिंगला मोजावी लागते. चाकं घासत वळतात, म्हणून सर्व्हो २५ किलो-सेंटिमीटरच्या खाली नको. अशा सर्व्होला ईएससीच्या आतल्या दोन-तीन अँपियरच्या पुरवठ्यावर ठेवलं की चाक दगडात अडकताच व्होल्टेज कोसळतं, रिसीव्हर क्षणभर बंद पडतो. लोक रिमोट बदलतात. लावायचा असतो तो ६ व्होल्टचा वेगळा बीईसी, म्हणजे सर्व्होला बॅटरीतून स्थिर वीज देणारा छोटा रेग्युलेटर. आणि ईएससीवर बॅटरीचा जंपर (प्रकार ठरवणारी छोटी टोपी) लिथियमवर आहे ना ते बघा. निकेलवर राहिला तर सेल ३ व्होल्टच्या खाली ओढले जातात आणि बॅटरी फुगते. उतारावर गाडी जागच्या जागी धरणारा ड्रॅग ब्रेक ही ईएससीची देणगी आहे, तो पूर्ण शंभर टक्क्यांवर ठेवा.

वजन हा खेळाचा जीव. पूर्ण गाडी अडीच किलोच्या आसपास, त्यातलं ५५ ते ६० टक्के पुढच्या धुऱ्यावर, आणि जितकं खाली तितकं चांगलं. बॅटरी पुढे सर्व्होमागे. पुढच्या प्रत्येक चाकात ८० ते १०० ग्रॅम, मागे ३० ते ५०. पितळी रिंग महाग वाटली तर टायरच्या दुकानात अलॉय व्हील बॅलन्स करायच्या चिकट पट्ट्या मिळतात, ५ आणि १० ग्रॅमच्या तुकड्यांच्या; रिमच्या आतून सारख्या अंतरावर लावा. बॉडीवर मात्र टपावरचं सामान, लोखंडी कॅरिअर, दिवे रचायचा मोह आवरा. फोटोत शोभतं, चढावर गाडी मागे उलटते.

थ्री-डी प्रिंटरने बंपर आणि सर्व्होचे माउंट स्वस्त केले आहेत. पीएलए प्लॅस्टिक साठ अंशांजवळ मऊ पडतं, एप्रिलच्या उन्हात बंद मोटारीत ठेवलेला माउंट वाकतोच. जास्त उष्णता सोसणारं पीईटीजी प्लॅस्टिक वापरा.

राहता राहिला दगड. कोल्हापूरच्या खाणींतला काळा बसाल्ट कोरडा असताना मऊ टायर त्याला चिकटून बसतो. पावसाळ्यात शेवाळ आलं की तोच दगड साबण. पन्हाळ्याच्या बाजूचा जांभा सच्छिद्र, पकड उत्तम, पण टायर कानशीने घासल्यासारखा झिजवतो. जांभ्यासाठी थोडं कडक रबर घ्या, बसाल्टसाठी मऊ, आत दोन थरांचा फोम: बाहेर मऊ, आत घट्ट. किल्ल्याच्या तटाचे चिरे यासाठी नाहीत, ते संरक्षित स्मारक आहे. पावसाळ्यात फुलं असताना मसाई पठारावरही नको. काळ्या मातीतून गाडी आली की त्याच दिवशी धुवा. वाळलेली माती नकलमधल्या (पुढचं चाक ज्यावर वळतं त्या सांध्यातल्या) बेअरिंगच्या कडेला सिमेंटसारखी बसते आणि आठवड्याभरात रबरी सील फाडते. धुतल्यावर मोटरच्या दोन्ही बुशांवर एकेक थेंब तेल, आणि टायरमधल्या फोमचं पाणी रिमच्या भोकातून पिळून काढायचं, नाहीतर पुढच्या वेळी वजनाचा सगळा हिशेब चुकतो.