लघु खासगी क्लाउड

स्वतःच्या जागेतील मोजक्या सर्व्हरांची प्रक्रियाशक्ती, मेमरी आणि साठवण एकत्र करून त्यांतून हवी तेव्हा व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरने घडवलेले स्वतंत्र संगणक, उभी करून देणारी व्यवस्था. महाविद्यालयीन प्रयोगशाळा, छोट्या कंपन्या आणि संशोधन गट ती मुक्तस्रोत सॉफ्टवेअरवर उभारतात. विदा आपल्या ताब्यात राहते, हा तिचा खरा लाभ. खर्च वाचेलच असे नाही.

या व्यवस्थेचा पाया बहुधा केव्हीएम, म्हणजे लिनक्समध्येच व्हर्च्युअल मशीन चालवण्याची सोय देणारा भाग, असतो. फेब्रुवारी २००७ मध्ये लिनक्सच्या गाभ्याच्या (कर्नलच्या) २.६.२० आवृत्तीत तो दाखल झाला. त्यावरचा व्यवस्थापनाचा थर मात्र विचारपूर्वक निवडावा लागतो. नासा आणि रॅकस्पेस यांनी २०१० मध्ये सुरू केलेला ओपनस्टॅक सर्नसारखी मोठी युरोपीय भौतिकी संशोधन संस्था वापरते. पण नोव्हा, न्यूट्रॉन, कीस्टोन, सिंडर असे अनेक घटक जुळवून चालते ठेवणे एकट्या माणसाच्या आवाक्याबाहेरचे आहे. तीन-चार सर्व्हरांसाठी डेबियनवर आधारलेले प्रॉक्समॉक्स व्हीई पुरते. वापरकर्त्यांनी आपापली मशीन स्वतः मागवून घ्यावीत अशी गरज असेल, तर माद्रिदच्या विद्यापीठीय संशोधनातून आलेला ओपननेब्युला अधिक योग्य.

सर्व्हर किमान तीन असावेत. एकत्र काम करणाऱ्या सर्व्हरांच्या गटाचे, म्हणजे क्लस्टरचे, निर्णय बहुमताने होतात. दोनच नोड, म्हणजे गटातले सर्व्हर, असले आणि त्यांच्यातला संपर्क तुटला, तर कोणाकडेच बहुमत उरत नाही. अशा वेळी दोघांनीही तेच व्हर्च्युअल मशीन चालू केले तर त्याची डिस्क बिघडते. ते टाळण्यासाठी बहुमत नसलेला नोड काम थांबवतो. तिसरा सर्व्हर परवडत नसेल, तर केवळ मत देण्यापुरता एखादा साधा संगणक जोडता येतो.

साठवणीचा हिशेब नवख्यांना हमखास चकवतो. सेफ ही वितरित साठवण प्रणाली सामान्यतः प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती ठेवते. त्यामुळे तीन नोडांत प्रत्येकी ४ टीबी असली, तरी वापरायला एकूण ४ टीबीच मिळते. त्यातही ८५ टक्के जागा भरली की इशारे सुरू होतात. एक नोड बंद पडल्यास काम चालू राहते. पण तिसरी प्रत नव्याने बनवायला जागाच नसते, म्हणून तो नोड लवकर दुरुस्त करावा लागतो. सेफच्या प्रतींची देवाणघेवाण आणि क्लस्टरचे संदेश यांचे जाळेही वेगळे ठेवावे, नाहीतर साठवणीच्या गर्दीत संदेश उशिरा पोहोचतात आणि धडधाकट नोड गटाबाहेर फेकले जातात.

तीन प्रती म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल तिन्ही ठिकाणांहून पुसली जाते. बॅकअप क्लस्टरबाहेरच्या यंत्रावर, शक्यतो दुसऱ्या इमारतीत ठेवावा आणि तो परत उतरवून ठरावीक काळाने तपासावा.