ज्ञानरचनावादी अध्यापन : कोकण किनारपट्टी

ज्ञानरचनावादी अध्यापन : मूल शाळेत येते तेव्हा घरात, खळ्यात, बंदरावर पाहिलेल्या-केलेल्या गोष्टींतून त्याची काही एक समज आधीच तयार झालेली असते आणि नवे ज्ञान ते या समजेला जोडूनच स्वतः रचत जाते, या भूमिकेवर आधारलेली शिकवण्याची पद्धत. या पद्धतीत शिक्षक मुलांपुढे अनुभव, प्रश्न किंवा पेच ठेवतो, त्यांना आपापसांत बोलू देतो, चुकू देतो आणि अडेल तिथे आधार देतो. प्रस्तुत नोंद पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या किनाऱ्यालगतच्या मराठी प्राथमिक शाळांपुरती आहे. मुंबईच्या शहरी शाळांचे प्रश्न वेगळे असल्याने त्या येथे धरलेल्या नाहीत.

वैचारिक पाया : स्विस मानसशास्त्रज्ञ झां पियाजे (१८९६–१९८०) यांनी मुलांची विचारपद्धती मोठ्यांपेक्षा मुळातच निराळी असते आणि ती टप्प्याटप्प्याने बदलते हे दाखवून दिले. त्याच वर्षी जन्मलेले रशियन अभ्यासक लेव व्हिगॉट्स्की (१८९६–१९३४) यांनी शिकण्यातील माणसांच्या सहवासावर भर दिला. मूल एकट्याने जे करू शकते आणि जाणत्याच्या मदतीने जे करू शकते, त्यांमधील पट्ट्यात खरे शिक्षण घडते, असे त्यांचे म्हणणे. अमेरिकेत जॉन ड्युई (१८५९–१९५२) यांनी कृतीतून शिकण्याचा पुरस्कार केला, तर भारतात महात्मा गांधींनी १९३७ मध्ये वर्धा येथे मांडलेल्या नई तालीमने हस्तोद्योगाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी आणले. धोरण म्हणून ज्ञानरचनावादाला मान्यता मिळाली ती प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखाली तयार झालेल्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ मुळे. शाळेबाहेरच्या जगण्याशी ज्ञान जोडा आणि घोकंपट्टी सोडा, ही त्याची मुख्य सूत्रे. महाराष्ट्राचा राज्य आराखडा २०१० मध्ये आला आणि २२ जून २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या शासन निर्णयानंतर सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटच्या (शिक्षण विभागाच्या शाळा-गटाच्या) ज्ञानरचनावादी शाळा पाहायला राज्यभरातून शिक्षक जाऊ लागले. कोकणातील अनेक वर्गांत जमिनीवर रंगवलेल्या अंकपट्ट्या, शंभर मण्यांची माळ, दशक-सुट्ट्यांचे गठ्ठे आणि शब्दडोंगर आले ते याच काळात.

कोसबाडचा वारसा : हे सारे घाटावरून किंवा परदेशातून कोकणात उतरले असे मानणे मात्र चुकीचे आहे. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) आणि अनुताई वाघ (१९१०–१९९२) यांनी १९४५ मध्ये डहाणू तालुक्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले आणि पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर नेले. माँटेसरी पद्धतीची साधने महागडी होती. ती गावात परवडणारी नाहीत हे ताराबाईंनी ओळखले आणि शिंपले, चिंचोके, गोटे, पाने, माती यांतून तीच कामे साधणारी साधने तयार करून घेतली. वारली मुले बालवाडीत येत नाहीत हे दिसल्यावर बालवाडीच त्यांच्या पाड्यावरच्या अंगणात नेली; अंगणवाडी ही कल्पना आणि तिचे नाव इथले. १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेमुळे ते नाव देशभर पोहोचले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरली. धाकट्या भावंडाला सांभाळावे लागते म्हणून घरी राहणाऱ्या मुलीला शाळेत येता यावे, यासाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र असलेली विकासवाडी उभी राहिली.

मुलाचे जगणे जसे आहे तसे स्वीकारून शाळेने आपला आकार बदलायचा, हा कोसबाडचा विचार आजच्या कोणत्याही आराखड्याच्या तोडीस तोड आहे. कोकणातील अध्यापक विद्यालयांत पियाजेइतकाच वेळ ताराबाई आणि अनुताईंना मिळायला हवा. अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली, पण त्यांची पद्धत वर्गात वापरणे हा त्याहून मोठा सन्मान ठरेल.

परिसर हेच साहित्य : किनाऱ्यावरचे मूल भरती-ओहोटी पाहतच वाढते. पाणी कधी चढणार, चिखलात शिंपल्या आणि मुळे (शिंपल्यांचाच एक खाद्य प्रकार) काढायला कधी जायचे, तर (खाडी ओलांडणारी होडी) कधी सुटणार, हे घरात रोज बोलले जाते. भरतीची वेळ काढण्याचा कोळ्यांचा आणि दर्यावर्दी खारव्यांचा जुना हिशेब असा : तिथीची पाऊणपट करायची, येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकरा. तिथी घरोघरच्या भिंतीवरील कॅलेंडरवर छापलेली असते, त्यामुळे हा हिशेब कोणत्याही वर्गात तडक करता येतो. आजी-आजोबांच्या वेळची पाऊणकी (पाऊणचा पाढा) यात उपयोगी पडते आणि पाऊण म्हणजे तीन चतुर्थांश हे पाचवीच्या मुलाला फळ्यावरच्या वर्तुळाचे तुकडे न करताही कळते.

पण पाठ इथे संपवला तर तो केवळ नव्या वेषातली घोकंपट्टी होतो. खरा पाठ पुढे आहे. मुलांनी पंधरा दिवस जेटीच्या खांबावर किंवा खाडीच्या बांधावर खूण पाहून भरतीची वेळ टिपायची आणि हिशेबाशी ताडून पाहायची. तेव्हा ध्यानात येते, की भरती रोज सरासरी सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते, हिशेब मात्र ४५ मिनिटेच धरतो. हा फरक पंधरवडाभर साठत जातो. पौर्णिमेला सव्वाअकरा सांगणारा नियम दुसऱ्या दिवशी, प्रतिपदेला, एकदम पाऊण वाजता असे सांगतो. म्हणजे एका दिवसात दीड तासाची उडी. समुद्र अशी उडी घेत नाही. मग चूक कुठे आहे, नियमात की आपल्या नोंदीत? प्रतिपदेला मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते आणि साठलेली तूट तिथे एकदम भरून निघते, हे सातवीतली मुले थोड्या मदतीने शोधू शकतात. शेजारच्या बंदरातल्या मुलांच्या नोंदी मागवल्या तर जागेप्रमाणे वेळ थोडी बदलते हेही दिसते. त्यापुढचा प्रश्न चंद्राचा : भरती रोज उशिरा का येते, अष्टमीच्या आसपास भांगाला (लहान भरतीच्या दिवसांत) पाणी कमी का चढते आणि अमावास्या-पौर्णिमेला उधाण का येते? परंपरेने दिलेला नियम न हसता तपासायचा, त्याची अचूकता आणि मर्यादा दोन्ही मोजायच्या, हे विज्ञानशिक्षणाचे फार चांगले रूप आहे. असे उपक्रम मोठ्या माणसाच्या सोबतीने आणि ओहोटीची वेळ धरूनच करावेत, हे वेगळे सांगायला नको.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारीला बंदी असते. शाळा जूनच्या मध्यावर उघडते तेव्हा बंदरावरचे अनेक पालक घरी असतात आणि जाळी तुणत बसलेले असतात. वर्षातला हा काळ पालकांना वर्गात बोलावण्याचा. जाळ्याचे भोक किती मोठे ठेवायचे आणि लहान पिल्ले निसटून जाणे का आवश्यक आहे, हे तांडेलाने (होडीच्या प्रमुखाने) स्वतः सांगितले की त्या धड्यातील भूमिती आणि पर्यावरण वेगळे काढता येत नाही. याचप्रमाणे खाडीकाठी तिवरांची चिखलातून वर येणारी श्वसनमुळे, मंडणगड तालुक्यातील वेळासच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येणारी ऑलिव्ह रिडले कासवे, जांभ्याच्या सड्यांवरील (खडकाळ पठारांवरील) कातळशिल्पे हे सारे पाठ्यपुस्तकातील घटकांना थेट जोडता येते. कशेळी, बारसू, देवाचे गोठणे, उक्षी इत्यादी ठिकाणची कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत समाविष्ट झाली. त्या गावांतील मुलांनी इतिहासपूर्व काळ चित्रावरून शिकावा याचे काही कारण नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. भिंतीवर शिंपले चिकटवले, पायऱ्यांवर पाढे रंगवले, की शाळा ज्ञानरचनावादी झाली असा समज २०१५ नंतर बराच पसरला. रंगकामाने वर्ग प्रसन्न होतो आणि तेही महत्त्वाचे आहे. पण मुलाने प्रश्न विचारला नाही, काही मोजले नाही, आपले म्हणणे दुसऱ्याला पटवून दिले नाही, तर अध्यापन होते तसेच राहते.

बहुवर्ग अध्यापन : कोकणची वस्ती वाड्यावाड्यांत विखुरलेली. डोंगरउताराच्या एका वाडीतून दुसरीत जायला पाखाडी (दगडी पायवाट) उतरून पऱ्या (ओढा) ओलांडावा लागतो. त्यामुळे शाळा पुष्कळ, पण पट लहान. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे प्राथमिक शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक असतात. म्हणजे पहिली ते पाचवीचे पाच वर्ग दोघांनी सांभाळायचे, आणि एक जण प्रशिक्षणाला, निवडणुकीच्या कामाला गेला किंवा बदली होऊन जागा रिकामी राहिली, तर एकट्याने. एका वर्गाला फळ्यावर लिहायला देऊन दुसऱ्याकडे वळायचे, हा यावरचा जुना तोडगा. आंध्र प्रदेशातील ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण शाळांनी शिडीच्या पायऱ्यांप्रमाणे कार्डे लावून प्रत्येक मुलाला आपल्या गतीने पुढे जाऊ देण्याची रीत बसवली. बहुवर्ग शाळांना ती मानवते. कोकणात याहून सोपी रीतही चालते : विषय एक, कामे निरनिराळी. अंगणात नारळांचा ढीग घातला की पहिलीची मुले दहा-दहाचे गट करतात, तिसरीची वजन करतात आणि पाचवीची शेकड्याच्या भावावरून किंमत काढतात. धाकट्यांच्या कानावर थोरल्यांचे बोलणे पडते आणि थोरल्यांना समजावून सांगावे लागते. व्हिगॉट्स्कींनी सांगितलेला जाणत्याचा आधार तो हाच.

याची मर्यादाही स्पष्ट आहे. तिसरीत एकच मुलगी असेल तर तिला बरोबरीने वाद घालायला कोणी नाही. गटकार्यावर उभ्या असलेल्या पद्धतीला ही उणीव जाचते. एका केंद्रातील (शेजारच्या शाळांच्या शासकीय गटातील) चार-पाच शाळांनी महिन्यातून एखादा दिवस एकत्र भरवणे हा त्यावरचा व्यवहार्य मार्ग आहे. शिक्षकांच्या शिक्षण परिषदा केंद्रस्तरावर होतातच. मुलांनाही तशी संधी मिळायला हवी.

भाषा : डहाणू-पालघरकडे वारली, रायगडात आगरी, कोळी आणि कातकरी, रत्नागिरीत संगमेश्वरी, मुसलमान वस्तीत कोकणी, दक्षिणेला मालवणी. पुस्तकाची भाषा यांपैकी कोणाच्याच घरची नाही. पूर्वज्ञानावर उभी राहणारी पद्धत घरच्या बोलीला वर्गाबाहेर ठेवू शकत नाही. ‘माका म्हायत आसा’ (मला माहीत आहे) म्हणून हात वर करणाऱ्या मुलाला आधी बोलू द्यावे, त्याचा विचार ऐकावा आणि मग तोच विचार पुस्तकी मराठीत कसा लिहायचा ते सगळ्यांनी मिळून पाहावे. बोलताना अडवले तर मूल पुढच्या वेळी हातच वर करत नाही. कोकणात घाटावरून आणि मराठवाड्यातून आलेले शिक्षक बरेच आहेत. त्यांना ना भरतीचा हिशेब ठाऊक असतो, ना इथली बोली. हे न लपवता मुलांकडून शिकून घेणाऱ्या गुरुजी-बाईंचे वर्ग लवकर रंगतात, कारण तिथे मुलाला काही ठाऊक आहे हे खरोखरच मान्य झालेले असते.

डिजिटल साधने : पाठ्यपुस्तकांवरील क्यूआर कोड आणि दीक्षा ॲप यांमुळे चलचित्रे वर्गात आली. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या त्या काळात मात्र दरीतल्या वाड्यांना नेटवर्क नसल्याने ऑनलाइन वर्ग पोहोचले नाहीत. त्यातच ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या परिसरात धडकले आणि रायगड-रत्नागिरीत घरांबरोबर शाळांचीही छपरे उडाली. वीज येईपर्यंत कित्येक दिवस गेले. कोकणात डिजिटल साधन जोडीला असावे, पण अध्यापन त्याच्यावर टेकवू नये.

मूल्यमापन : शिक्षण हक्क कायद्याबरोबर आलेल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात आकारिक आणि संकलित असे दोन भाग आहेत. पहिल्यात निरीक्षण, तोंडी काम, प्रयोग, प्रकल्प यांच्या नोंदी येतात. लहान पटाच्या शाळेत शिक्षक प्रत्येक मुलाला जवळून ओळखत असल्याने या नोंदी खऱ्या होण्याची शक्यता अधिक असते. पण नोंदवही वर्षाअखेरीस एकाच बैठकीत भरली जाण्याची सवयही सर्वांना परिचित आहे. २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आली. दहावीच्या निकालात कोकण विभागीय मंडळ बहुतेक दर वर्षी राज्यात पहिले असते. मार्च २०२४ च्या परीक्षेत विभागाचा निकाल ९९.०१ टक्के लागला. कोकणी पालकांची शिक्षणावरची निष्ठा त्यात दिसते. मात्र या आकड्याच्या दडपणाने आठवीपासूनच प्रश्नसंचांचा सराव सुरू होतो आणि प्राथमिक शाळेत लागलेली शोधण्याची सवय तिथे तुटते.

लहान शाळांचा प्रश्न : २०२३ मध्ये राज्य शासनाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांऐवजी समूहशाळा (अशा लहान शाळा एकत्र करून एक मोठी शाळा) उभारण्याबाबत प्रस्ताव मागवले. मोठ्या शाळेत बरोबरीची मुले, प्रयोगशाळा, ग्रंथालय, खेळाचे मैदान मिळते, हा युक्तिवाद हलका नाही. परंतु कोकणात शाळेचे अंतर नकाशावर मोजून भागत नाही. किनारपट्टीवर वर्षाला ३,००० मिमी.च्या आसपास पाऊस पडतो आणि तो मुख्यतः जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच. त्या दिवसांत साकवावरून पाणी गेले की सहा-सात वर्षांच्या मुलाचा रस्ता बंद. कायद्याने पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत शाळा असावी असे म्हटले आहे ते याच वयाच्या मुलांसाठी. भरवशाची गाडी, तिच्यात सोबत असणारे मोठे माणूस आणि पावसाळाभर चालू राहणारा रस्ता, या तीन गोष्टी आधी तयार असतील तिथेच समूहशाळेचा विचार करता येईल. बाकीच्या वाड्यांत दोन शिक्षकांची शाळा टिकवून त्यांना बहुवर्ग अध्यापनाचे नीट प्रशिक्षण देणे आणि रिकाम्या जागा वेळेवर भरणे, हेच करावे लागेल.