ध्वजदिन आणि माजी सैनिक दिन: आप्पांना श्रद्धांजली वाहण्याआधी

गेल्या संक्रांतीची गोष्ट. चाळीसगाव तालुक्यातलं आमचं गाव, सकाळी आठचा सुमार. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक चित्र पडलं. मागे फडकता तिरंगा, कोपऱ्यात पेटती मेणबत्ती, मध्ये गावातल्या मिलिटरीवाल्यांचे फोटो आणि खाली जाड अक्षरांत 'भावपूर्ण श्रद्धांजली'. दुसऱ्या ओळीत डावीकडून तिसरे आमचे आप्पा. आप्पा म्हणजे माझे चुलते, तोफखान्यातून हवालदार म्हणून रिटायर झालेले. त्या वेळी ते ओट्यावर बसून चहात टोस्ट बुडवत होते.

मोबाइल दाखवला तर चष्मा वर करून त्यांनी सगळं नीट वाचलं आणि एवढंच म्हणाले, "भो, मी नोव्हेंबरमा हयातीना दाखला दिन्हा ना, मंग हाई काय शे?"

चित्र बनवणारा पोरगा ओळखीचा, मनाने चांगला. त्याला कळलं होतं ते इतकंच की १४ जानेवारीला सैनिकांचा काहीतरी दिवस असतो. महिनाभरापूर्वी, ७ डिसेंबरला, त्यानेच 'ध्वजदिनाच्या हार्दिक शुभेच्छा' म्हणून लाल किल्ल्यावरच्या झेंडावंदनाचा फोटो टाकला होता. तोही चुकीचाच. पण हसण्यात अर्थ नाही. हे दोन दिवस आपल्याकडे भल्याभल्यांच्या डोक्यात एकमेकांत मिसळलेले आहेत, आणि शाळेत ते कुणी सुटे करून सांगितल्याचं मला तरी आठवत नाही.

आधी ७ डिसेंबर. पूर्ण नाव सशस्त्र सेना ध्वजदिन. यातला ध्वज म्हणजे तिरंगा नव्हे. राष्ट्रध्वजाचा दिवस शोधायचा तर २२ जुलै. १९४७ साली त्या दिवशी संविधान सभेने तिरंगा स्वीकारला. डिसेंबरातला ध्वज म्हणजे शर्टाच्या खिशावर टाचणीने लावायचा तो कागदाचा चिमुकला झेंडा. लाल, गडद निळा आणि फिकट निळा असे त्याचे तीन पट्टे: भूदल, नौदल, हवाई दल. आमच्या शाळेत गुरुजी असे झेंडे पुठ्ठ्याच्या खोक्यातून आणायचे आणि रुपया-दोन रुपये घेऊन छातीवर लावायचे. पैसे कुठे जातात हे आम्ही विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. टाचणी टोचली की ओरडायचं, एवढाच आमचा ध्वजदिन.

खरी गोष्ट त्या खोक्यातच होती. २८ ऑगस्ट १९४९ रोजी संरक्षण मंत्र्यांनी नेमलेल्या समितीने ठरवलं की दरवर्षी ७ डिसेंबरला लोकांना छोटे झेंडे द्यायचे आणि बदल्यात निधी गोळा करायचा. निधी कुणासाठी? लढाईत जायबंदी झालेले, वीरमरण आलेल्यांच्या घरची माणसं, आणि नोकरी संपवून घरी आलेले फौजी, या तिघांसाठी. म्हणजे ध्वजदिन हा मुळात खिशात हात घालण्याचा दिवस आहे. १९९३ मध्ये सैनिकांसाठीचे वेगवेगळे निधी एकत्र करून सशस्त्र सेना ध्वजदिन निधी झाला. त्यातून माजी सैनिकांच्या मुलांचं शिक्षण, मुलींची लग्नं, आजारपण अशा गोष्टींना मदत मिळते. पाठीच्या कण्याला गोळी लागून कमरेखालचं अंग गेलेले जवान पुण्याजवळ खडकीच्या पॅराप्लेजिक केंद्रात राहतात, त्या केंद्रालाही.

जिल्ह्यात हे काम जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय पाहतं. कलेक्टरसाहेब संकलनाचा शुभारंभ करतात, मग खात्याखात्याला उद्दिष्ट जातं. उद्दिष्ट म्हटलं की पुढचं तुम्हाला माहीत आहेच: कुठे पगारातून कापून घेतात, कुठे कारकुनाच्या मागे लकडा लागतो, आणि एका चांगल्या गोष्टीला वसुलीचा वास येतो. म्हणून मी म्हणतो, कुणी मागायची वाट न बघता स्वतः जाऊन द्यावेत आणि पावती घ्यावी. आपल्याकडे ते दिवस कापूस वेचणीचे आणि भरीत पार्ट्यांचे. एका पार्टीची वर्गणी तिकडे वळवली तर भरताची चव काही बिघडत नाही.

आता १४ जानेवारी. हा माजी सैनिक दिन. सरकारी मराठीत कधी याला सशस्त्र सेना माजी सैनिक दिवस म्हणतात. हा दिवस फार नवा, २०१६ पासूनचा, त्यामुळे आप्पांच्या पिढीलाही तो रिटायर झाल्यावरच कळला. तारीख मात्र जुन्या घटनेवरून घेतली आहे. १४ जानेवारी १९५३ रोजी जनरल करिअप्पा सेवानिवृत्त झाले. स्वतंत्र भारताचे पहिले भारतीय सरसेनापती. पुढे १९८६ मध्ये ते फील्ड मार्शल झाले. सर्वात वरचा माणूसही एके दिवशी वर्दी उतरवून 'माजी' होतो, त्या दिवसाची ही तारीख. या दिवशी माजी सैनिकांचे मेळावे भरतात, पेन्शनच्या तक्रारी ऐकल्या जातात, वीरनारींचा, म्हणजे वीरमरण आलेल्यांच्या पत्नींचा, सत्कार होतो. हा भेटण्याचा दिवस आहे, आणि भेटायला माणूस जिवंत लागतो.

दुर्दैव एवढंच की तारीख बऱ्याचदा नेमकी संक्रांतीवर येते. आमच्याकडे पोरं गच्चीवर, बाया वाणाच्या गडबडीत, माणसं तिळगूळ खाऊन सुस्त. मेळाव्याला जाणार कोण? आप्पा एकदा जळगावला गेले होते. त्यांच्या सांगण्याप्रमाणे भाषणं लांबली, पण जुन्या रेजिमेंटचा एक जोडीदार भेटला म्हणून फेरी वसूल झाली.

'माजी सैनिक' म्हटल्यावर डोळ्यासमोर पांढऱ्या मिशांचा म्हातारा येतो, हीदेखील एक गल्लत. २०२२ ची अग्निवीर भरती सुरू होण्याआधी लागलेल्या साध्या शिपायाला १५ वर्षं सेवा झाली की पेन्शन बसतं. तेव्हा अठरा-विसाव्या वर्षी भरती झालेला गडी पस्तिशी-चाळिशीत 'माजी' होऊन गावी परततो. घरात पोरं शाळेत, डोक्यावर कर्ज, आणि पुढची वीस वर्षं बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभं राहायचं. अशा माणसाला आदरांजलीपेक्षा दुसऱ्या नोकरीची गरज जास्त असते.

याला आणखी एक फाटा फुटतो. १५ जानेवारी म्हणजे सेना दिन. इथेही करिअप्पाच. १९४९ साली त्या दिवशी त्यांनी जनरल रॉय बुचर या इंग्रज अधिकाऱ्याकडून सेनेची सूत्रं घेतली. पदावर आले ती १५ जानेवारी, पदावरून उतरले ती १४, मध्ये चार वर्षांचं अंतर. लागून आलेल्या तारखांमुळे वर्तमानपत्रातसुद्धा दोन्ही एकाच बातमीत कोंबले जातात. सेना दिन आज वर्दीत असलेल्यांचा. त्याची मुख्य परेड पूर्वी दिल्लीत व्हायची, २०२३ पासून ती वेगवेगळ्या शहरांत फिरते. २०२५ मध्ये ती पुण्यात झाली आणि आमच्या गावची तीन पोरं मुद्दाम बघायला गेली.

मग श्रद्धांजली वाहायची कधी? अमेरिकेत याची वाटणी सरळ आहे: मे महिन्याचा शेवटचा सोमवार युद्धात गेलेल्यांचा आणि ११ नोव्हेंबर सेवा केलेल्या सगळ्यांचा. आपल्याकडे गेलेल्यांसाठी असा एकच दिवस नाही. २६ जुलैला कारगिल, १६ डिसेंबरला १९७१ चं युद्ध, अशा विजयाच्या दिवशीच मृतांचीही आठवण होते. दिल्लीत २५ फेब्रुवारी २०१९ ला राष्ट्रीय युद्धस्मारक खुलं झालं. तिथे त्याग चक्राच्या भिंतींवर २५ हजारांहून अधिक सैनिकांची नावं दगडात कोरली आहेत. कुणाला श्रद्धांजलीच वाहायची असेल तर ती त्या भिंतीपुढे शोभते.

आणि ३० जानेवारी? सकाळी ११ वाजता दोन मिनिटं स्तब्ध उभं राहतो तो हुतात्मा दिन गांधीजींच्या पुण्यतिथीचा आणि स्वातंत्र्यलढ्यात प्राण दिलेल्यांचा. खानदेशात हुतात्मा म्हटलं की पहिला आठवतो नंदुरबारचा शिरीषकुमार मेहता. ९ सप्टेंबर १९४२ ला इंग्रजांच्या पोलिसांच्या गोळ्या झेलल्या तेव्हा तो १५ वर्षांचा होता, आणि हातात बंदूक नव्हती, तिरंगा होता. त्याला 'वीर जवान' लिहिणारी पोस्टरं मी स्वतः पाहिली आहेत. लिहिणाऱ्याचा भाव खोटा नसेल, पण निःशस्त्र पोराचं मोठेपण त्या एका शब्दात झाकून जातं.

तर त्या संक्रांतीला दुपारी तो पोस्टरवाला पोरगा खालमानेने तिळगूळ घेऊन आप्पांकडे आला. आप्पांनी त्याला रागावलं नाही. शेजारच्या गावात त्यांच्या एका सोबत्याची विधवा राहते, तिच्या नावाचा कागद कुठल्याशा टेबलावर कित्येक महिने अडकला होता. आप्पा म्हणाले, तुला मोबाइलमधलं एवढं येतं तर तिचा ऑनलाइन अर्ज भरून दे. दोघं मोटरसायकलवर गेले, अर्ज भरला, आणि पोरगा येताना तिथला तिळगूळही खाऊन आला.

रात्री त्याने ग्रुपवरचं चित्र काढून टाकलं. आप्पांच्या मोबाइलमध्ये मात्र ते सेव्ह झालेलं होतं. तेवढं काढून देतो म्हणून त्याने हात पुढे केला, तर आप्पांनी फोन खिशात घातला.

"ऱ्हाऊ दे रे. कव्हय ना कव्हय लागीच."