तांबड्या रक्तपेशींची पटल-प्रथिने

माणसाच्या तांबड्या रक्तपेशीभोवतीच्या मेदमय पटलात रुतलेल्या आणि त्या पटलाला आतल्या अंगाने जोडलेल्या प्रथिनांना पटल-प्रथिने म्हणतात. पेशीचा आकार टिकवणे, आयन, पाणी व ग्लुकोज यांची ने-आण करणे आणि पेशीची ओळख बाहेर दाखवणे ही त्यांची मुख्य कामे होत. परिपक्व तांबड्या पेशीत केंद्रक नसते आणि प्रथिने घडवणारे रायबोसोमही उरलेले नसतात. त्यामुळे जवळ असलेल्या प्रथिनांवरच तिला सुमारे १२० दिवस काढावे लागतात. झिजलेले प्रथिन बदलून नवे बसवण्याची सोय तिच्याकडे नसते.

पेशीपटलांविषयीची बरीच मूलभूत माहिती याच पेशीतून मिळाली, कारण तिचे पटल वेगळे काढणे सोपे आहे. धुतलेल्या तांबड्या पेशी अगदी कमी क्षाराच्या थंड द्रावणात टाकल्या की त्या पाणी शोषून फुगतात, पटलाला छिद्रे पडतात आणि हिमोग्लोबिन बाहेर येते. सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून हीच धुलाई तीन-चार वेळा केली की नळीच्या तळाशी गडद लाल गाळाऐवजी फिकट, दुधाळ थर उरतो. या रिकाम्या पटलांना ‘घोस्ट’ म्हणजे भुते असे नाव पडले, आणि त्यांतून १९६८ मध्ये मार्चेसी व स्टीअर्स यांनी वेगळ्या केलेल्या प्रथिनाचे ‘स्पेक्ट्रिन’ हे नावही भूत याच अर्थाच्या शब्दावरून आले. पटलातील प्रथिने जेलवर विजेच्या प्रवाहात सरकवून निळ्या रंगाने रंगवली की आडवे पट्टे उमटतात. १९७१ मध्ये फेअरबँक्स, स्टेक आणि वॉलॅक यांनी या पट्ट्यांना वरून खाली क्रमांक दिले. ‘बँड ३’, ‘४.१’, ‘४.२’ ही नावे त्या क्रमांकांचीच होत. कामाचा काहीच पत्ता न देणारी ही नावे गैरसोयीची आहेत, पण प्रयोगशाळांत आजही तीच चालतात.

पेशीचा लवचीकपणा मुख्यतः पटलाखालच्या जाळीवर अवलंबून असतो. स्पेक्ट्रिनच्या अल्फा आणि बीटा साखळ्या एकमेकींना बिलगून जोडी बनवतात आणि अशा दोन जोड्या टोकाला टोक लावून सुमारे २०० नॅनोमीटरपर्यंत ताणली जाणारी दोरी तयार होते. या दोऱ्यांची टोके ॲक्टिन या दुसऱ्या प्रथिनाच्या आखूड तंतूंना ४.१ या प्रथिनाच्या मदतीने बांधलेली असतात. एका गाठीत बहुधा सहा दोऱ्या येत असल्याने जाळीची मांडणी षट्कोनी दिसते. जाळी पटलाला टांगलेली असते ती अँकिरिन या प्रथिनामार्फत बँड ३ ला आणि ४.१ मार्फत ग्लायकोफोरिन सी या प्रथिनाला. सात-आठ मायक्रोमीटर व्यासाची पेशी तीन मायक्रोमीटरच्या केशवाहिनीतून दुमडून जाते आणि पलीकडे पुन्हा पूर्ववत होते, ती या रचनेमुळे. दोरीची टोके एकमेकांना नीट जुळत नसतील तर पेशी लंबगोल होतात. जाळी व पटल यांच्यातील बांधणी सैल असेल तर मात्र पटलाचे बारीक तुकडे सुटत जातात आणि पेशी चेंडूसारखी गोल व ताठर होते. आनुवंशिक गोलपेशीविकार तो हाच.

बँड ३ चे सुमारे दहा लाख रेणू एका पेशीवर असतात. ऊतींमधला कार्बन डायऑक्साइड पेशीत शिरला की कार्बोनिक अनहायड्रेज या विकराच्या साहाय्याने त्याचे बायकार्बोनेट होते. बँड ३ ते बाहेर सोडते आणि बदल्यात क्लोराइड आत घेते. फुप्फुसात हा व्यवहार उलटा चालतो. केशवाहिनीतला पेशीचा मुक्काम जेमतेम सेकंदभराचा असतो, तेवढ्यात हे सारे उरकते. याच प्रथिनाचे थोडे आखूड रूप मूत्रपिंडात असते, म्हणून त्याच्या जनुकातील काही दोषांमुळे रक्ताऐवजी मूत्रपिंडाचा आजार होतो आणि शरीरातील आम्ल नीट बाहेर पडत नाही.

ग्लुकोज आत आणणारे ग्लुट १ आणि सोडियम-पोटॅशियम पंप ही प्रथिने इतर पेशींतही आढळतात. पाण्याची वाट असलेले ॲक्वापोरिन १ मात्र याच पेशीत हाती लागले, तेही अनपेक्षितपणे: पीटर आग्रे हे शास्त्रज्ञ आरएच (Rh) रक्तगटाचे प्रथिन शुद्ध करत असताना ते सोबतीने येत राहिले. या शोधाबद्दल त्यांना २००३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

सामान्य माणसाला या प्रथिनांची ओळख होते ती रक्तगटामुळे, पण रक्तगट हे त्यांचे काम नव्हे. ए, बी आणि ओ हे गट म्हणजे मुख्यतः बँड ३ आणि ग्लुट १ यांच्यावर, तसेच काही मेदरेणूंवर लागलेल्या शर्करांतील फरक होत. या शर्करांचा पाया असलेला एच प्रतिजनच (प्रतिपिंडे ओळखतात ती पृष्ठभागावरची खूण) नसलेले रक्त वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये मुंबईतून प्रसिद्ध केले. तोच ‘बॉम्बे’ रक्तगट. नेहमीच्या तपासणीत तो ओ गटासारखा दिसतो, परंतु अशा व्यक्तीला ओ गटाचे रक्तही चालत नाही, कारण तिच्या रक्तात एचविरोधी प्रतिपिंडे असतात. विशेष म्हणजे शर्करा नसूनही तिच्या तांबड्या पेशी व्यवस्थित काम करतात. आरएच गटात मात्र फरक प्रथिनातच असतो आणि आरएच प्रथिने मुळीच नसली तर पेशीचा आकार बिघडून सौम्य रक्तक्षय होतो.

हिवतापाच्या परजीवींनी या प्रथिनांचा दारासारखा उपयोग करून घेतला आहे. प्लाझमोडियम व्हायव्हॅक्स मुख्यतः डफी प्रथिनाला धरून आत शिरतो. पश्चिम आफ्रिकेतील बहुतेक लोकांच्या तांबड्या पेशींवर ते नसल्याने तेथे व्हायव्हॅक्सची लागण क्वचित होते. पापुआ न्यू गिनी आणि मलेशियातील काही लोकांत बँड ३ मधील नऊ अमिनो आम्ले गळालेली असतात. त्यांच्या पेशी अंडाकृती व ताठर असतात आणि त्यांना मेंदूच्या हिवतापापासून संरक्षण मिळते.

गोलपेशीविकाराच्या निदानासाठी पेशी कमी-कमी मिठाच्या पाण्यात ठेवून त्या कधी फुटतात ते पाहण्याची पद्धत जुनी आहे. बँड ३ ला चिकटणारे चमकते रंगद्रव्य वापरून फ्लो सायटोमीटर या पेशी एकेक करून तपासणाऱ्या यंत्रावर केलेली चाचणी अलीकडची. या विकारात रक्तक्षय, कावीळ आणि पित्ताशयात खडे होतात. ताठर पेशी प्लीहेच्या चिंचोळ्या फटींतून पार होऊ शकत नाहीत आणि तिथेच नष्ट होतात. म्हणूनच तीव्र विकारात प्लीहा काढतात. त्यानंतरही पेशी गोलच राहतात आणि प्रथिनातील दोषही तसाच राहतो, मात्र त्यांना अडवणारी चाळणी गेल्यामुळे रक्तक्षय बराच कमी होतो. पण प्लीहा नसल्याने न्यूमोकॉकससारख्या जिवाणूंचा गंभीर संसर्ग होण्याचा धोका वाढतो. त्यामुळे लहान मुलांत ही शस्त्रक्रिया शक्यतो सहाव्या वर्षानंतर आणि आधी लस देऊनच करतात.